घरचा वस्तुपाठ आणि उद्योजकता : भोपाळच्या संदर्भात एक आढावा

उद्योजकाच्या घरात उद्योजक निपजतो, हे निरीक्षण जुने आहे आणि ज्या ज्या देशांत त्याची मोजणी झाली तेथे ते बहुधा खरेही ठरले आहे. वाद आहे तो त्याच्या कारणाविषयी. असे मूल रक्तातूनच काही घेऊन येते, त्याला वडिलांचे भांडवल आणि पत आयती मिळते, की घरात रोज जे दिसते आणि जे करावे लागते त्यातून ते घडते, या तीन उत्तरांपैकी कोणते किती खरे हे ठरवल्याखेरीज पालकांना काही सुचवण्यात अर्थ नाही. या लेखात उद्योजक हा शब्द कारखानदारापुरता वापरलेला नाही. स्वतःचा पैसा, वेळ आणि नाव पणाला लावून गिऱ्हाईक मिळवणारा आणि नफ्याबरोबर तोट्याचाही धनी होणारा प्रत्येक जण, मग तो दुकानदार असो की संगणकप्रणाली लिहून विकणारा, त्यात मोडतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भोपाळ हे सोयीचे शहर आहे, कारण सरकारी कचेरीवर जगणारी, सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यावर जगणारी, निर्वासित म्हणून येऊन बाजारपेठ उभारणारी आणि नवाबी काळापासून कारागिरी करणारी अशी चार प्रकारची घरे येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि मुलांसमोर येणारे उदाहरण प्रत्येक घरात वेगळे आहे.

रक्ताचा प्रश्न प्रथम घ्यावा लागतो. निकोलाउ, शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधील जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये उद्योगाकडे वळण्याचे साम्य इतर जुळ्यांपेक्षा बरेच अधिक असल्याचे दाखवून या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे असा निष्कर्ष काढला. त्याला सर्वांत नेमका शह स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदींनी दिला. लिंडक्विस्ट, सोल आणि फान प्राग यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार पालक उद्योजक असल्यास मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. परंतु दत्तक गेलेल्या मुलांवर जन्मदात्यांचा आणि वाढवणाऱ्यांचा असा दोघांचाही परिणाम वेगवेगळा मोजला असता, वाढवणाऱ्यांचा परिणाम जन्मदात्यांच्या जवळजवळ दुप्पट भरतो. रक्ताचा वाटा आहे, पण संगोपनाचा वाटा त्याहून मोठा आहे, असा या दोन्ही अभ्यासांचा मेळ घालता येतो.

मग संगोपनातील नेमके काय काम करते, पैसा की उदाहरण? डन आणि होल्ट्झ-ईकिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवले की पालकांची संपत्ती मुलांना धंद्यात उतरायला थोडी मदत करते, पण पालकांनी स्वतः धंदा केलेला असणे आणि तो यशस्वी झालेला असणे याचा परिणाम त्याहून कितीतरी जास्त होतो, आणि तो वडिलांकडून मुलाकडे व आईकडून मुलीकडे अधिक ठळकपणे जातो. या साऱ्या चर्चेतला सर्वांत उपयोगी शोध मात्र फेअरली आणि रॉब यांचा आहे. त्यांच्या २००७ च्या पाहणीत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक छोट्या उद्योजकांच्या कुटुंबात आधी कोणीतरी धंदा केलेला होता, पण त्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी त्या घरच्या धंद्यात प्रत्यक्ष काम केले होते. आणि पुढे ज्यांचा धंदा इतरांपेक्षा बरा चालला ते हे काम केलेले लोक होते. घरात नुसता उद्योजक असल्याचा धंद्याच्या यशाला फारसा उपयोग झाला नव्हता. पाहून इच्छा निर्माण होते, कौशल्य मात्र हात घातल्याखेरीज येत नाही, असा भेद या पाहणीतून निघतो आणि तो या लेखाच्या मुळाशी आहे.

हा भेद भोपाळच्या दोन पेठांमध्ये ढळढळीत दिसतो. शहराच्या पश्चिमेला असलेल्या बैरागढ येथे, म्हणजे आजच्या संत हिरदाराम नगरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती; फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि तिच्यातून कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली. भांडवल मागे राहिलेल्या माणसांनी हे केले, म्हणजे येथे पैशाचा वारसा हे स्पष्टीकरण लंगडे पडते. अशा कापडदुकानात बसणाऱ्या मुलाला शाळेतून आल्यावर प्रथम थाने उचलण्याचे आणि घडी घालण्याचे काम मिळते, पण त्याच वेळी त्याच्या कानावर जे पडत असते ते महत्त्वाचे असते : कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला किती दिवसांची उधारी द्यायची, हंगाम संपत आला की न खपलेला माल कोणत्या भावाला काढायचा, वसुलीला गेल्यावर आवाज केव्हा चढवायचा आणि चहा केव्हा मागवायचा. गल्ल्यावर बसायला मिळेपर्यंत त्याला किंमत ही छापलेली नसून ठरवली जाते हे कळून चुकलेले असते. मारवाडी व्यापाऱ्यांवरील १९७८ च्या ग्रंथात टॉमस टिंबर्ग यांनी कोलकात्यातील ज्या 'बासां'चे, म्हणजे गावाकडून आलेल्या होतकरू मुलांच्या सामाईक राहण्या-जेवणाच्या जागांचे, महत्त्व सांगितले आहे, तेही याच जातीचे शिक्षण होते. तेथे घराची जागा ज्ञातीने घेतली होती एवढेच.

जुन्या शहरातील जरी-जरदोजीचे घर याच्या शेजारी ठेवून पाहावे. भोपाळवर राज्य करणाऱ्या बेगमांच्या आश्रयाने वाढलेली ही कला आणि तिच्यातून घडणारे भोपाळी बटवे आजही प्रसिद्ध आहेत. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, खाक्यावरून म्हणजे टोचलेल्या कागदावरून नक्षी उतरवून, आरीने तार आणि टिकल्या टाचणाऱ्या आईच्या शेजारी बसून मूल हात चालवायला शिकते. कौटुंबिक वस्तुपाठ म्हणून यात काहीच उणे नाही. काम डोळ्यांसमोर आहे, मूल त्यात सामील आहे, सराव रोजचा आहे. तरीही या घरांतून कारागीर जितके निपजतात तितके उद्योजक निपजत नाहीत, कारण कापड ठेकेदार आणून देतो, तयार माल तोच उचलतो, मजुरी नगामागे ठरलेली असते आणि तो बटवा चौकातल्या दुकानात किंवा दिल्लीत कितीला विकला गेला हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. गिऱ्हाईक या घरापर्यंत कधी येतच नाही. मुलांना उद्योजक करण्याविषयीच्या बहुतेक लेखनात मेहनत, चिकाटी आणि शिस्त यांचा जो गजर चाललेला असतो तो या अड्ड्याजवळ बसून ऐकला तर पोकळ वाटतो. मेहनतीचे उदाहरण या घरात कमी नाही, व्यवहाराचे मात्र नाहीच.

मराठी घराचा प्रश्न निराळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर येथील कचेऱ्यांतील नोकरवर्ग नव्या राजधानीत आला. त्यात मराठी भाषकांची संख्या लक्षणीय होती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीच्या, म्हणजे पुढच्या 'भेल'च्या, कारखान्याने पिपलानी आणि बरखेडा येथे अभियंते व कामगार यांची मोठी वसाहत वसवली. या दोन्ही ठिकाणच्या घरांत मुलांसमोर असलेला वस्तुपाठ नोकरीचा होता : ठरलेल्या तारखेला पगार, बढतीची वाट, बदलीची धास्ती आणि निवृत्तिवेतनाची हमी. त्यात कमीपणाचे काही नाही आणि त्या पिढीने मुलांना दिलेले शिक्षण ही मोठीच कमाई होती. पण पैसा हा गिऱ्हाइकाकडून येतो ही गोष्ट अशा घरात दिसत नाही.

तरीही या वसाहतीतून उद्योजक निघाले, आणि त्यांपैकी सर्वांत ठळक नाव मराठी आहे. 'पर्सिस्टंट सिस्टिम्स'चे संस्थापक आनंद देशपांडे यांचे बालपण भोपाळच्या भेल वसाहतीत गेले, वडील तेथे अभियंते होते. खरगपूरच्या आयआयटीतून १९८४ मध्ये पदवी, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट आणि ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काही काळ नोकरी, एवढे झाल्यावर त्यांनी १९९० मध्ये पुण्यात कंपनी काढली. घरात धंद्याची परंपरा नव्हती. पण वडील या नव्या कंपनीच्या स्थापनेत मुलाबरोबर उभे राहिले, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाने मुलाच्या जोखमीत स्वतःचा वेळ आणि नाव घालणे हा कौटुंबिक उदाहरणाचा उलट्या दिशेने झालेला प्रवास होय. आनंद देशपांडे आणि त्यांच्या पत्नीने पुढे छोट्या उद्योजकांना मार्गदर्शन करण्यासाठी पुण्यात 'देआसरा' ही संस्था काढली.

एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही, परंतु वसाहतीच्या प्रभावाला संशोधनाचा आधार आहे. अमेरिकेतील बारा लाख संशोधकांच्या नोंदी तपासून बेल, चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ज्या परिसरात शोध लावणारी माणसे राहतात तेथे वाढलेली मुले स्वतः शोधाकडे वळण्याची शक्यता अधिक असते, तीही नेमक्या त्याच तंत्रक्षेत्रात, असे आढळले. आणि मुलींच्या बाबतीत हा परिणाम स्त्री-संशोधकांच्या सहवासाने होतो, पुरुषांच्या नव्हे. अर्थात घरात नसलेले उदाहरण शेजारात भेटू शकते. भेलच्या भोवती गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीत कारखान्याला सुटे भाग पुरवणारे लहान उद्योग उभे राहिले, तेव्हा भोपाळच्या नोकरदारांच्या मुलांना असा शेजार मिळाला होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागणीवर अवलंबून राहणे किती जोखमीचे असते हा धडाही तेथेच शिकता येण्यासारखा होता. पालकांनी मुलांना गोविंदपुऱ्यातील छोट्या वर्कशॉपपेक्षा कोचिंगच्या वर्गाकडेच अधिक पाठवले, हे मात्र खरे.

मराठी मुलखातील सर्वांत पूर्ण उदाहरण किर्लोस्करांचे आहे, आणि त्याचा एक धागा भोपाळजवळून जातो, कारण भोपाळहून इंदूरला जाताना लागणाऱ्या देवास येथे किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिले नांगर दीर्घकाळ पडून राहिले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींच्या मदतीने कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९०३ मध्ये जन्मलेले लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे वडिलांनी त्यांना अमेरिकेत एमआयटीमध्ये पाठवले आणि १९२६ मध्ये ते यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले, हे नेहमी सांगितले जाते. पण त्याआधीची बारा वर्षे एका वसाहतीत घर आणि कारखाना शेजारी शेजारी असताना, माल न खपणे, जागा जाणे आणि उसनवारीने पुन्हा उभे राहणे हे घरातल्या बोलण्याचे विषय असताना गेली होती, आणि त्या वर्षांचे मोल पदवीहून कमी मानता येणार नाही. उदाहरण अनुकरणाला जखडत नाही हेही याच घराने दाखवले : लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी यंत्रे न बनवता १९२० मध्ये कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले आणि त्यातून 'किर्लोस्कर', 'स्त्री' व 'मनोहर' ही मराठीतील तीन महत्त्वाची मासिके उभी राहिली. यंत्राचा धंदा पाहून वाढलेला माणूस शब्दांचा धंदा उभारू शकला, याचा अर्थ घरातून मिळाली ती विशिष्ट विद्या नव्हे, तर नवे काम अंगावर घेण्याची सवय.

बहुतेक इतर घराणी याच्याच लहानमोठ्या आवृत्त्या आहेत आणि त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही; केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या 'विको'च्या दंतमंजनासाठी मुले दारोदार फिरली, हे प्रसिद्धच आहे. पर्यटन व्यवसायातील पाटील कुटुंब मात्र वेगळ्या कारणाने लक्षात घ्यावे लागते. केसरी पाटील यांनी भावाबरोबरच्या व्यवसायातून बाहेर पडून १९८४ मध्ये 'केसरी टूर्स' काढली आणि त्यांची कन्या वीणा पाटील यांनी अनेक वर्षे तेथे काम करून २०१३ मध्ये बाहेर पडून 'वीणा वर्ल्ड' स्थापन केली. भावकी फुटली म्हणून हळहळणारे मराठी मन येथे एक गोष्ट विसरते, ती म्हणजे घराबाहेर पडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करणे हाही वडिलांनीच घालून दिलेला पायंडा होता.

मुलींचा विषय निघाला की भोपाळला आपला इतिहास पुढे करण्याचा हक्क आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चार बेगमांनी येथे आईमागून मुलीने राज्य केले. राज्यकारभार आणि व्यापार या भिन्न गोष्टी आहेत आणि शाहजहान व सुलतान जहान या मायलेकींमध्ये दीर्घकाळ दुरावा होता, त्यामुळे हे चित्र गोंडस करू नये. तथापि सत्ता चालवणारी आई रोज डोळ्यांसमोर असली की मुलीला ती सत्ता आपली वाटते, याचा इतका लांब पल्ल्याचा पुरावा भारतात दुर्मीळ आहे. व्यापारी घरांत नेमके याच्या उलट घडत आले. मुलगा दुकानात आणि मुलगी घरात, ही विभागणी झाली की एकाच घरातली दोन मुले दोन वेगळे वस्तुपाठ घेऊन मोठी होतात. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. गल्ल्याजवळची जागा कोणताही कायदा देत नाही.

घरच्या उदाहरणाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. बेनेडसेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डेन्मार्कमधील कंपन्यांचा अभ्यास करून दाखवले की मावळत्या प्रमुखाच्या जागी घरातलाच माणूस आला तर कंपनीची नफाक्षमता बाहेरचा माणूस आणण्याच्या तुलनेत किमान चार टक्के बिंदूंनी घसरते. पहिले अपत्य मुलगा असेल तर गादी घरातच राहण्याचा संभव वाढतो, या गोष्टीचा त्यांनी तुलनेसाठी उपयोग केला, त्यामुळे हा निष्कर्ष निव्वळ योगायोग म्हणून झटकता येत नाही. किर्लोस्करांच्या पुढच्या पिढीतील भावांचा वाद न्यायालयात गेला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला, हेही विसरता येत नाही. वाढवणाऱ्या घराचा परिणाम नवा धंदा सुरू करण्याच्या बाबतीत सिद्ध झालेला आहे. आयता धंदा सांभाळण्याच्या बाबतीत तो सिद्ध झालेला नाही. वारस तयार करणे आणि उद्योजक घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि भारतीय कुटुंबे त्यांची सतत गल्लत करतात.

घरातल्या माणसांचे वागणे नेमके कसे असावे, याविषयी जुने पण अजून ताजे वाटणारे निरीक्षण रोझेन आणि डीअँड्राडे यांचे आहे. त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून, एकाच हाताने, वेड्यावाकड्या ठोकळ्यांचा मनोरा रचायला सांगितले आणि आईवडिलांना शेजारी बसवले. ज्या मुलांमध्ये संपादन प्रेरणा, म्हणजे कठीण काम स्वतःच्या हिमतीवर पार पाडण्याची ओढ, अधिक होती त्यांच्या पालकांनी मनोऱ्याची अपेक्षित उंची जास्त सांगितली, ते हसत-चिडवत उत्साह देत राहिले. पण वडिलांनी ठोकळा कुठे ठेव हे कमी सांगितले. हात धरणारे वडील असलेली मुले मागे पडली. याच प्रेरणेवर ग्रंथ लिहिणाऱ्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथील छोट्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि त्यांच्या व्यवसायातील हालचाली वाढल्याचे नोंदवले. बालपण हुकले म्हणजे सारे संपले असे नाही, हे त्यावरून दिसते, आणि अहमदाबादची १९८३ मध्ये स्थापन झालेली उद्योजकता विकास संस्था किंवा भोपाळचे 'सेडमॅप' हे केंद्र याच विश्वासावर चालते.

मुलाला कामात घ्यावे म्हणजे राबवावे असे नव्हे, हे निराळे सांगायला हवे, कारण जरीच्या अड्ड्यावर आणि रस्त्याकडेच्या ढाब्यावर ही रेषा रोज पुसली जाते. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला शाळेनंतर किंवा सुट्टीत आपल्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या, व्यवसायात मदत करता येते. ही सवलत व्यापारी घराच्या सोयीची आहे आणि कारागीर घराच्या बाबतीत तिचा गैरवापर सोपा आहे. मूल किती तास बसले यापेक्षा त्याला हिशेब दाखवला जातो का, हा प्रश्न मोठा आहे आणि तो या कायद्यानेही निकालात निघत नाही.

भोपाळच्या नोकरदार मराठी घराला दुकान नाही, म्हणून त्याने हात टेकण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांत गणेशोत्सवाच्या दिवसांत आनंदमेळा भरतो. साबुदाणवडे, मिसळ आणि थालीपिठाचे स्टॉल लागतात, कूपने फाटतात, आणि सामान आणण्यापासून भाव ठरवण्यापर्यंत सारे मोठी माणसे करतात, मुले फक्त कूपने गोळा करतात. या मंडळांनी यापुढे निदान चार स्टॉल बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींकडे पूर्णपणे सोपवावेत : भांडवल उसने द्यावे आणि परत घ्यावे, साबुदाण्याचा आणि तेलाचा भाव त्यांना काढू द्यावा, उरलेल्या पिठाचा हिशेब मागावा, आणि तोटा आला तर तो वर्गणीतून भरून देऊ नये.